शब्दवेध : गेलं ते भूत

३१ ऑक्टोबर. नाणेघाटाशेजारच्या घाटघरात, जीवधनच्या पायथ्याशी एका ओसरीवर बसलो होतो. पुण्याहून आलेली भाची पांढरी चादर पांघरून हॅलोविन साजरा करत होती. कोरायला आणलेलं डांगर आजींनी आधीच भाजीला चिरलेलं.

‘‘आजी, मी भूत!’’

‘‘भूत? हा पाऊस बघ. दसऱ्याला गेला म्हणालो, तर परत उंबऱ्यात हजर. कापलेलं भात भिजवलंन् मेल्यानं.’’

आजींना संस्कृत येत नसावं, पण व्युत्पत्ती अचूक! ‘भू’ म्हणजे होणे. ‘भूत’ म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. म्हणूनच भूतकाळ, भूतपूर्व. गेलेलं माणूस जाईना, तर तेही भूतच. गंमत म्हणजे ‘भूतदये’तलं भूत चांगलं जिवंत असतं: ‘झालेलं’ म्हणजे जन्माला आलेलं, प्राणिमात्र. पंचमहाभूतं तर कुणालाच झपाटत नाहीत. (त्यातलं पाणी सोडून, असं त्या दिवशी वाटलं.)

मुंजा, हडळ आपल्या ओळखीच्या. खवीस मात्र परदेशी, अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अपवित्र. हॅलोविन उलट सोवळ्यातला. ‘हॅलो’ म्हणजे संत आणि ‘इन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ही पूर्वसंध्या.

एवढ्यात कोकणातून धुकं वर चढलं, आधी झाडं गेली, मग जीवधन. भाची चादरीसकट आजींच्या पदराआड.

‘‘भूत घाबरलं गं बाई,’’ म्हणत आजींनी डांगराची भाजी वाढली.