बिंदुमेघापासून पृष्ठनिर्मिती

बिंदुमेघापासून पृष्ठनिर्मिती ही प्रत्यक्ष वस्तूच्या स्कॅनिंगमधून मिळालेल्या असंख्य बिंदूंचे मशिनिंगसाठी वापरता येईल अशा सलग, गुळगुळीत गणिती पृष्ठात रूपांतर करण्याची प्रक्रिया आहे. अभियांत्रिकीत सामान्यतः आधी आराखडा आणि नंतर वस्तू असा क्रम असतो. येथे तो उलटा होत असल्यामुळे या प्रक्रियेचा समावेश रिव्हर्स इंजिनिअरिंगमध्ये होतो. आराखडे हरवलेले जुने साचे, टर्बाइनची पाती आणि मोटारीच्या बाह्यांगाची मातीत घडवलेली प्रतिकृती ही तिच्या उपयोगाची प्रमुख क्षेत्रे होत.

बिंदूंचे संकलन

बिंदू स्पर्शाने किंवा प्रकाशाने टिपले जातात. स्पर्शपद्धतीत प्रोबच्या टोकावरील लहान गोळा वस्तूला टेकतो. असा स्पर्शसंवेदी प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये काँकॉर्ड विमानाच्या इंजिनासंबंधीच्या कामातून विकसित केला. यंत्र गोळ्याच्या केंद्राचे निर्देशक नोंदवते. प्रत्यक्ष पृष्ठ त्यापासून गोळ्याच्या त्रिज्येइतके दूर असते. ही दुरुस्ती राहून गेल्यास संपूर्ण वस्तू तेवढीच फुगलेली मिळते. लेसर स्कॅनर अल्पावधीत लक्षावधी बिंदू देतो. मात्र चकचकीत किंवा काळ्या पृष्ठांवर तो फसतो. अशा पृष्ठांवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर फवारतात. त्या थराची जाडीही मापनात मिसळते.

एका जागेवरून वस्तूच्या सर्व बाजू दिसत नाहीत, म्हणून अनेक स्कॅन एकमेकांशी जुळवावे लागतात. त्यासाठी पॉल बेसल आणि नील मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेली, निकटतम बिंदूंच्या जोड्या पुनःपुन्हा शोधण्याची रीत आजही प्रचलित आहे.

त्रिकोणजाळी

बिंदू जोडून प्रथम त्रिकोणांची जाळी तयार होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने १९९९ च्या सुमारास मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याचे पाव मिलिमीटर अंतराने स्कॅनिंग केले, तेव्हा सुमारे २ अब्ज बहुभुज जमा झाले. अभ्यासासाठी किंवा त्रिमितीय छपाईसाठी अशी जाळी पुरते. चकाकी अपेक्षित असलेल्या साच्यावर मात्र त्रिकोणांचे पैलू उमटू शकतात.

पृष्ठांची बांधणी

साऱ्या प्रक्रियेचे खरे कौशल्य येथे लागते. वक्र पृष्ठे मोजक्या नियंत्रक बिंदूंनी व्यक्त करण्याचे गणित १९६० च्या आसपास फ्रान्सच्या मोटार उद्योगात विकसित झाले: सित्रोएनमध्ये पॉल द कास्टल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते स्वतंत्रपणे केले. त्याचाच पुढील विस्तार असलेली नर्ब्स पृष्ठे आज सर्रास वापरली जातात. जाळीचे कडांना अनुसरून तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर न्यूनतम वर्ग पद्धतीने पृष्ठ बसवतात.

नियंत्रक बिंदू फार वाढवले, तर पृष्ठ मापनातील बारीकसारीक दोषांचेही इमानाने अनुकरण करते आणि त्यावर लाटा उठतात. फार कमी केले, तर वस्तूचे बारकावे पुसले जातात. त्यामुळे बिंदूंपासून सर्वांत कमी विचलन असलेले पृष्ठ सर्वांत चांगले असतेच असे नाही. शेजारच्या तुकड्यांमध्ये केवळ कडा जुळून भागत नाही. स्पर्शिकेची दिशा आणि पुष्कळदा वक्रताही जुळावी लागते. ही जुळणी तपासण्यासाठी संगणकावर पृष्ठावर झेब्र्यासारखे पट्टे पाडतात. पट्टा सांध्यावर तुटला तर कडाच जुळलेल्या असतात, त्याला तेथे कोपरा पडला तर स्पर्शिकाही जुळलेल्या असतात पण वक्रता नसते.

मशिनिंग

पृष्ठ तयार झाल्यावर कॅम आज्ञावली कटरचा मार्ग आखते. गोल टोकाचा कटर शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये बारीक उंचवटा मागे ठेवतो. सपाट भागावर त्याची उंची फेऱ्यांमधील अंतराच्या वर्गाला टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागल्यास अंदाजे मिळते: १० मिमी व्यासाच्या कटरने ०.५ मिमी अंतराच्या फेऱ्या घेतल्यास ती सुमारे ०.००६ मिमी येते. पृष्ठातच लाटा असतील, तर फेऱ्या कितीही जवळ घेतल्या तरी त्या धातूत उतरतात.

मर्यादा

स्कॅनर वस्तू जशी आहे तशीच टिपतो, तिची झीजही. जुन्या साच्यातील छिद्र १२.०६ मिमी मोजले गेले, तर मूळ माप १२ मिमी होते की नाही हे आज्ञावली सांगू शकत नाही. ते जोडभागाचे माप आणि वस्तूचे कार्य पाहून अभियंत्याला ठरवावे लागते. सपाट, दंडगोल किंवा शंकूच्या आकाराचे भाग म्हणूनच मुक्त पृष्ठे न बसवता नेमक्या भौमितिक आकारांनी नव्याने रेखले जातात.