पत्त्यात आकडा, आडनावात पूर्वज

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधला जुना पत्ता वाचला तर त्यात आळी नसते, वाडी नसते, पेठही नसते. असतो तो बॅरक नंबर आणि खोली नंबर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती रिकामी झाली आणि १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची रीतसर स्थापना झाली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी कॅम्प आणि त्याचा आकडाच राहिला.

मी या कॅम्पात वाढलो. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन तऱ्हेची आडनावे असत. काही ‘कर’ने संपणारी, काही ‘आणी’ने. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की या दोन प्रत्ययांत माणसाची ओळख सांगण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत. ‘कर’ विचारतो, तुम्ही कुठले? ‘आणी’ विचारतो, तुम्ही कुणाचे?

मराठी आडनावांचे ढोबळ प्रकार वाचकांना ठाऊक आहेत. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनावरून आली. कल्याणकर, बदलापूरकर ही गावावरून. सिंधी आडनावांत गावावरून पडलेली नावे अगदीच नाहीत असे नाही. शिकारपुरी हे तसेच एक. पण मोठा भरणा ‘आणी’चा. हा प्रत्यय एखाद्या पूर्वजाच्या नावाला जोडला जातो आणि ‘त्याच्या वंशातला’ असा अर्थ देतो. तो संस्कृत ‘अंश’ या शब्दापासून आला, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. तलरेजा, मखिजा, रहेजा यांतला ‘जा’ही वंशच सांगतो. त्यात संस्कृत ‘ज’, म्हणजे जन्मलेला, पाहता येतो. आणि सिंधीतले ‘जो, जी, जा’ हे षष्ठीचे प्रत्यय मराठी कानाला आपल्या ‘चा, ची, चे’ यांच्या फार जवळचे वाटतात.

उदाहरणासाठी लांब जायला नको. रेल्वे स्टेशनाजवळचे आमचे सी. एच. एम. महाविद्यालय १९६५ साली सुरू झाले. त्या तीन अक्षरांमागचे पूर्ण नाव श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी. रूढ पद्धतीने वाचले तर पहिले नाव बाईंचे, दुसरे पतीचे आणि तिसरे पतीच्या घराण्यातल्या कुणा मनसुखचे. हा मनसुख कोण होता हे रोज त्या फाटकातून आत जाणाऱ्या हजारो मुलामुलींना सांगता येणार नाही, तरी त्याचे नाव त्यांच्या गुणपत्रिकेवर असते.

काही पूर्वज मात्र इतिहासाला माहीत आहेत. सिंधी हिंदूंमध्ये आमिल आणि भाईबंद असे दोन मोठे वर्ग. आमिल म्हणजे दरबारात, महसुलात काम करणारे. आपला ‘अंमल’ आणि ‘अंमलदार’ ज्या अरबी धातूतून आले त्यातूनच हाही शब्द आला. भाईबंद व्यापारी. अठराव्या शतकात, कल्होडा राजवटीत, दिवाण गिदूमल हे असेच एक मातब्बर आमिल होते. गुलाम शाह कल्होडा याने १७६८ साली सिंधमधले हैदराबाद वसवले. त्या शहराजवळच्या सिंधू नदीवरच्या गिदू बंदराला याच दिवाणांचे नाव आहे. त्यांचे वंशज ते गिदवाणी.

इथे मराठी वाचक अडखळेल, कारण आपण ‘गिडवाणी’ लिहितो. रोमन लिपीत द आणि ड यांना एकच अक्षर आहे. नाव इंग्रजीतून आपल्याकडे आले आणि येताना द चा ड झाला. त्या एका अक्षराने गिदूमल हरवतात. तीच गत ‘ण’ची. सिंधीत या प्रत्ययात स्पष्ट ‘ण’ आहे. आपण अडवाणी बरोबर लिहितो, पण कृपलानी आणि मनसुखानी लिहिताना ‘न’ वापरतो. ‘ण’ तर मराठीच्या रोजच्या बोलण्यातला वर्ण. इंग्रजीच्या वाटेने न जाता शेजाऱ्याला विचारले असते तर हे नाव आपल्याला सहज नीट लिहिता आले असते.

आडनाव नोंदवणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्याच्या सरकारी शाळेतले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. शाळेच्या दप्तरात जे लिहिले गेले तेच पुढे देशाच्या इतिहासात कायम झाले.

निर्वासितांच्या बाबतीत ही नोंद आणखी मोलाची होती. घर, दुकान, शेत मागे राहिले. ‘कर’वाला माणूस मुंबईत कितीही पिढ्या राहिला तरी जत्रेला, कुलदैवताला गावी जाऊ शकतो, आडनाव त्याला वाट दाखवते. सिंधहून आलेल्याला ती वाट बंद झाली. पण त्याचे आडनाव जमिनीला बांधलेले नव्हते, माणसाला बांधलेले होते. म्हणून सीमा ओलांडताना ते अर्धे मागे राहिले नाही. बराकीच्या दारावर आकडा सरकारने घातला. त्याखाली कुणाचा वंश राहतो हे घरातल्यांनी आपल्या तोंडाने सांगितले.

या रीतीची दुसरी बाजूही आहे. ‘आणी’त जो पूर्वज जपला जातो तो नेहमी पुरुष असतो. आपल्या ‘कर’वाल्या घरांतही नाव, बापाचे नाव, आडनाव अशीच मांडणी, आईला जागा नव्हती. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला. कॅम्प नं. ३ मध्ये आज जन्मणाऱ्या मुलीच्या दाखल्यावर कुणा मनसुखच्या आधी तिची आई लिहिली जाईल.

सिंधी भाषा १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तरी कॅम्पातल्या नव्या पिढीतल्या बऱ्याच मुलांना ती अरबी वळणाच्या लिपीत वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आडनाव हाच अनेकदा रोज वापरातला एकमेव सिंधी शब्द उरतो. तो शाळेच्या पटावर, शिधापत्रिकेवर, मतदार यादीत देवनागरीत लिहिला जातो, आणि लिहिणारा हात बहुधा मराठी असतो. त्या हाताने ‘न’च्या जागी ‘ण’ लिहिला, ‘ड’च्या जागी ‘द’ लिहिला, तर त्या मुलाला त्याचा पूर्वज त्याच्या खऱ्या नावाने भेटेल.