पुसू नये असा डाग

१९८६ सालच्या मार्चमध्ये हॅलेचा धूमकेतू बघायला आम्ही चौघे मित्र पहाटे पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर जात असू. दुर्बीण आमच्या सरांची. तिसऱ्या पहाटे मला नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, धुळीचे ठिपके दिसले. सरांची वस्तू स्वच्छ करून परत द्यावी, या सद्‌हेतूने मी तोंडाची वाफ दिली आणि धुतलेल्या सुती रुमालाने ती खसखसून पुसली. सरांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. निळसर-जांभळ्या झाकेवर बारीक गोल ओरखडे उमटले होते. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, धूळ होती तेव्हा धूमकेतू दिसतच होता ना?"

त्या निळसर झाकेचा इतिहास मी पुढे अनेक वर्षे शोधत राहिलो. ती कहाणी एका डागापासून सुरू होते.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत हे जाणवत नाही. पण नेत्रिकेत चार-पाच भिंगे असतात. हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ असले, तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ७२ टक्के डोळ्यापर्यंत पोहोचतो. उरलेला नुसता वाया जात नाही. त्यातला काही आतल्या आत उसळून अंधुक ताऱ्यांवर धुरकट पडदा टाकतो. म्हणून जुने दुर्बीणकार भिंगे शक्य तितकी कमी वापरत आणि ती चकचकीत ठेवत. काचेवर काळाच्या ओघात डागाळलेला पापुद्रा चढला, की तो दोषच मानला जाई आणि घासून काढला जाई.

इंग्लंडमधल्या यॉर्क येथील 'टी. कुक अँड सन्स' या दुर्बीण कारखान्यातील हॅरल्ड डेनिस टेलर यांनी हा समज उलटवला. १८९०च्या दशकात त्यांच्या लक्षात आले, की हवेमुळे डागाळलेले जुने भिंग नव्या भिंगापेक्षा जास्त प्रकाश पार जाऊ देते. ज्याला सगळे शत्रू समजत होते, तो पापुद्रा निरीक्षकाचा मित्र निघाला! टेलर यांनी भिंगांच्या मालकांना तसा दिलासाही दिला. पुढे १९०४ साली त्यांनी रसायनांनी मुद्दाम असा पापुद्रा आणण्याचे पेटंट घेतले. मात्र काचेच्या प्रत्येक जातीवर त्याचा परिणाम वेगळा होई, त्यामुळे ही रीत भरवशाची ठरली नाही.

डाग उपयोगी का, याचे उत्तर प्रकाशाच्या लहरींत आहे. लेपाची जाडी लहरलांबीच्या पाव पट ठेवली, तर लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. हिरव्या प्रकाशासाठी ही जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग भरते. आपला केस त्याच्या कित्येक शे पट जाड. हिरवा प्रकाश असा पार गेला, की परतणाऱ्या प्रकाशात निळा आणि तांबडा उरतो. तीच ती जांभळी झाक.

इतका पातळ थर द्यायचा कसा? १९३५ साली जर्मनीत त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसवली. युद्ध जवळ येत होते. हे तंत्र लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवले गेले. अमेरिकेत जॉन स्ट्राँग स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी रेणूंचे ४४ थर एकावर एक चढवून काच जवळजवळ अदृश्य केली. पण तो थर साबणासारखा मऊ, सहज पुसला जाणारा. अखेर मॅग्नेशियम फ्लोराइड निवडले गेले आणि काच तापवून लेप दिल्याने तो टणक झाला. परावर्तन ४ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत आले.

याच स्ट्राँग यांची एक गोष्ट दुर्बीणकारांत चवीने सांगितली जाते. पालोमार येथील २०० इंची आरशावर ॲल्युमिनियम चढवण्यापूर्वी तो निर्मळ करण्यासाठी त्यांनी 'वाइल्डरूट' हे केसांना लावायचे क्रीम मागवले म्हणे! काच स्वच्छ करायची तर आधी ती नीट मळवावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद. तेलकट थर सगळीकडे सारखा बसला, की तो सारखाच निघतोही.

माझा रुमाल नेमका इथे चुकला. वाटेवरच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. कोरडे पुसणे म्हणजे त्या कणांचा सँडपेपर करून फिरवणे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग अगदी मऊ ब्रशने हलकेच झाडावे. बऱ्याचदा काम इथेच संपते. पापणीचा तेलकट डाग मात्र राहू देऊ नये. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कापसावर घ्यावेत, भिंगावर नव्हे. नाहीतर ते कडेने आत झिरपते. कापूस दाब न देता मधून कडेकडे फिरवावा आणि प्रत्येक फेरीला नवा घ्यावा. ॲसिटोनला हात लावू नये. ते प्लास्टिक आणि आतला काळा रंग विरघळवते. नेत्रिका उघडू नये. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीचे भय अधिक. तिचे जाळे काचेवर कायमचे व्रण सोडते. वापर झाल्यावर दव वाळू द्यावे आणि मगच सिलिका जेलच्या पुडीसह डबा बंद करावा.

वस्तुभिंगावरच्या थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही. तिचा वाटा नगण्य असतो. ओरखडा मात्र कायमचा.

ती नेत्रिका सरांनी मला देऊन टाकली. "आता ही तूच सांभाळ," म्हणाले. चंद्र पाहताना तिच्यातून आजही कडेला किंचित धुरकट प्रभा दिसते. दर दिवाळीच्या साफसफाईत मी कपाट आवरतो, डबा उघडून नेत्रिका दिव्याखाली तिरकी धरतो, फुग्याने दोनदा हवा मारतो आणि झाकण लावतो. घरात त्या दिवशी फडक्याचा स्पर्श न झालेली ती एकमेव वस्तू असते.