लोलक, ठोका आणि आकडा: मेट्रोनोमची दोन शतके

पियानो शिकू लागलेल्या मुलासाठी मेट्रोनोम घ्यायला गेलेल्या पालकांपुढे वाद्यांच्या दुकानात जे चावीचे, निमुळत्या मनोऱ्यासारखे यंत्र ठेवले जाते, त्याची आजची ओळख हाती छडी घेतलेल्या पंतोजीची असली, तरी ते मुलांसाठी जन्माला आलेले नव्हते, आणि वादकाला ठोक्यात बांधून ठेवणे हे त्याचे मूळ कामही नव्हते. ज्याने रचना लिहिली तो एका शहरात, ती वाजवणारा शेकडो कोस दूर आणि कदाचित शंभर वर्षांनंतरचा, अशा दोघांमध्ये रचनेच्या गतीचा निरोप बिनचूक पोहोचवणे, एवढ्यासाठी ते घडवले गेले. निरोप्याचा पंतोजी कसा झाला हे समजल्यावाचून कोणते मेट्रोनोम मुलासाठी चांगले, या साध्या प्रश्नाचेही नीट उत्तर देता येत नाही.

संगीताची गती आकड्यात सांगावी ही गरज जगातल्या बहुतेक संगीतपरंपरांना फार काळ वाटली नाही, कारण गुरू समोर असताना आकड्याचे कामच काय? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने तालाध्यायात मात्रेचे माप पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणाऱ्या वेळाएवढे सांगितले आणि द्रुत, मध्य व विलंबित या तीन लयी प्रत्येकी आधीच्या दुप्पट काळाच्या मानल्या. म्हणजे माप होते, पण ते माणसाच्या जिभेवर होते आणि लयींचे नाते परस्परसापेक्ष होते. त्याच ग्रंथातली लयीची व्याख्या या विषयात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: टाळीसारखी एक क्रिया झाल्यानंतर पुढची होईपर्यंत जी विश्रांती असते, ती लय. लय ठोक्यात नसून दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत असते, हे त्यातून निघते. मेट्रोनोमचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याच्या कसोटीवर घासून पाहता येतो.

युरोपातही गतीचे माप आधी शरीरातच शोधले गेले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला बासरी शिकवणाऱ्या योहान योआखिम क्वांट्सने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ८० ठोके देते असे धरून ‘अ‍ॅलेग्रो’, ‘अदाज्यो’ या इटालियन गतिवाचक शब्दांना त्या नाडीच्या पटीत बसवले. गंमत अशी, की त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी सांतोरियो या इटालियन वैद्याने नाडी मोजण्यासाठी दोऱ्याला टांगलेल्या वजनाचा उपयोग केला होता. वैद्याने नाडी लोलकावर मोजली आणि संगीतकाराने संगीत नाडीवर. मधला दुवा गाळून संगीत थेट लोलकावर मोजावे, हे क्वांट्सच्या आधीच एका फ्रेंच माणसाला सुचून गेलेले होते.

एत्येन लुल्ये हे त्याचे नाव. लोलकाचा झोका थोडा लहान-मोठा झाला तरी त्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो आणि तो वेळ दोऱ्याच्या लांबीवर ठरतो, हा गॅलिलिओने हेरलेला गुणधर्म घेऊन लुल्येने १६९६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात ‘क्रोनोमेत्र’ म्हणजे कालमापक नावाच्या साधनाचे वर्णन केले. उभ्या खांबावर ओळीने पाडलेल्या ७२ छिद्रांपैकी हव्या त्या छिद्रात दोरा अडकवायचा, खालचे वजन झुलू द्यायचे आणि झोका डोळ्यांनी पाहायचा, असे त्याचे स्वरूप होते; ते आवाज मुळीच करत नसे. रचनाकाराने छिद्राचा क्रमांक लिहून ठेवला की दूरच्या वादकाने तसाच खांब उभारून तीच गती मिळवावी, ही अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही याचे कारण निसर्गनियमातच आहे. लोलकाचा काळ दुप्पट करायचा तर दोरा चौपट लांब करावा लागतो. मिनिटाला ६० झोके देणारा लोलक सुमारे ९९ सेंटीमीटरचा असतो, तर मिनिटाला ४० देणाऱ्याला सव्वादोन मीटर दोरा लागतो. माणसाच्या उंचीहून मोठा खांब वादनाच्या खोलीत कोण वागवणार? क्वांट्सलाही या यंत्राची माहिती होती, आणि ते जवळ बाळगणे अवघड, अशीच त्याची अडचण होती.

ही अडचण सोडवली ती आम्स्टरडॅममध्ये स्थायिक झालेल्या डीट्रिख निकोलाउस विंकेल या जर्मन वाद्यकारागिराने, १८१४ साली. त्याने दोऱ्याऐवजी धातूची काडी घेतली, तिची कीळ टोकाला न ठेवता मध्ये कुठेतरी ठेवली, किळीखाली एक जड वजन कायमचे बसवले आणि वरच्या भागावर सरकणारे छोटे वजन लावले. वरचे वजन खालच्याच्या ओढीला विरोध करते, म्हणून काडी मंद झुलते. वजन जितके वर सरकवावे तितकी गती धीमी. ज्या संथ झोक्याला दोन-अडीच मीटर दोरा लागत होता, तो आता वीतभर काडीवर मिळू लागला. काडीला झुलती ठेवण्यासाठी चावीची स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगचा जोर थेंबाथेंबाने सोडणारे घड्याळातल्यासारखे दात्यांचे चाक जोडले की प्रत्येक झोक्याला एक दाता सुटतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. या ठोक्याचा उगम चाकाच्या दात्यात आहे. लोलक स्वतः अजूनही निःशब्दच झुलतो. लुल्येच्या यंत्रात केवळ झोका होता, विंकेलच्या रचनेत झोका आणि ठोका असे दोन्ही आले.

विंकेलचे नाव मात्र संगीतकोशांबाहेर कोणाला ठाऊक नाही, कारण १८१५ साली योहान नेपोमुक मेल्त्सेल आम्स्टरडॅमला येऊन ते यंत्र पाहून गेला. रेगेन्सबुर्गच्या ऑर्गन घडवणाऱ्याचा हा मुलगा व्हिएन्नाच्या दरबाराचा यंत्रकार होता. बीथोव्हेनसाठी ऐकण्याचे कर्णे त्यानेच बनवले, आपोआप वाजणारा प्रचंड वाद्यवृंद बांधला, आणि केंपेलनचा तो प्रसिद्ध बुद्धिबळ खेळणारा ‘तुर्क’, ज्याच्या पेटीत खराखुरा खेळाडू दडवलेला असे, तोही विकत घेऊन गावोगाव मिरवला. विंकेलने हक्क विकायला नकार दिल्यावर मेल्त्सेलने त्या यंत्रावर आकड्यांची पट्टी बसवली आणि त्याच वर्षी ते ‘मेट्रोनोम’ या नावाने आपल्या नावावर नोंदवले. नाव ग्रीक, माप आणि नियम या अर्थाच्या दोन शब्दांचे. त्यातल्या ‘मेत्रॉन’चे आणि संस्कृत ‘मात्रे’चे मूळ एकच मानले जाते. पुढे आम्स्टरडॅमच्या शास्त्रीय संस्थेने चौकशी करून मूळ कल्पना विंकेलची आणि पट्टी तेवढी मेल्त्सेलची, असा निवाडा दिला. पण तोवर कारखाना सुरू झाला होता, आणि स्वरलिपीवर गतीच्या आकड्याआधी छापली जाणारी ‘एम. एम.’ ही अक्षरे आजही मेल्त्सेलचेच मेट्रोनोम सांगतात. चोरी ती चोरीच. तरीही पट्टीला क्षुल्लक म्हणता येणार नाही. छिद्राचा क्रमांक हा एकाच खांबापुरता खरा असतो, तर मिनिटाला इतके ठोके हा आकडा कोणत्याही यंत्रावर आणि कोणत्याही देशात तोच राहतो.

एका रचनेच्या हक्कावरून मेल्त्सेलशी कोर्टापर्यंत भांडलेल्या बीथोव्हेनने हे हेरले आणि १८१७ साली भांडण मिटवून आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींचे मेट्रोनोम-आकडे प्रसिद्ध केले. त्याच्या ३२ पियानो सोनाटांपैकी फक्त एकीला, १८१९ साली छापलेल्या ‘हामरक्लाव्हियर’ला, त्याने असा आकडा दिला: ‘हाफ नोट’ या स्वरचिन्हाला मिनिटाला १३८. हा वेग इतका अवघड आहे, की आकडा चुकला, यंत्र बिघडले, बहिरेपणाने घात केला, असे तर्क दोनशे वर्षे चालू आहेत. २०२० साली स्पेनमधल्या दोन संशोधकांनी आणखी एक शक्यता मांडली: सरकत्या वजनाच्या वरच्या कडेशी वाचायचा आकडा बीथोव्हेनने खालच्या कडेशी वाचला असावा. त्याच्या नवव्या सिम्फनीच्या हस्तलिखितावर ‘१०८ किंवा १२०’ अशी जी नोंद सापडते, तिचा अर्थ या तर्काने लागतो. हा तर्क सर्वांनी स्वीकारलेला नाही, परंतु मुलाला मेट्रोनोम हाती देताना आकडा वजनाच्या वरच्या कडेशी वाचायचा हे पहिल्याच दिवशी दाखवावे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

आकड्यावरचा विश्वास फार टिकला नाही. वाग्नरने आपल्या सुरुवातीच्या ऑपेरांना काटेकोर आकडे दिले आणि पुढे ते देणेच सोडले. ब्राम्सने ‘जर्मन रेक्वियम’ला दिलेले आकडे नंतर मागे घेतले. जिवंत वादन एका वेगात ओळभरही राहत नाही, आणि खोली, श्रोते, वाद्य बदलले की योग्य वेगही बदलतो, हे त्यांना कळून चुकले होते. ज्या कामासाठी यंत्र बनले त्या कामातून मोठ्या रचनाकारांनी ते असे अर्धवट निवृत्त केले, आणि नेमके त्याच शतकात त्याला दुसरी चाकरी लागली. पियानो हे मध्यमवर्गीय घराचे, विशेषतः त्या घरातल्या मुलींच्या शिक्षणाचे, अंग बनले होते. बीथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी याच्या बोटांच्या वेगासाठी लिहिलेल्या धड्यांवर मेट्रोनोमचे आकडे छापले जाऊ लागले. आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा येई तेव्हा उरलेले सहा दिवस तिच्या जागी पियानोवर ठेवलेले यंत्र टिकटिकत राही. आज अमुक आकड्यावर, उद्या एक घर पुढे, अशी चढण त्या पट्टीने फार सोपी केली. त्या पट्टीची घरेही मोठी शहाणपणाने पाडलेली आहेत: ४० ते ६० दोनदोनने, ७२ पर्यंत तीनने, १२० पर्यंत चारने, १४४ पर्यंत सहाने आणि २०८ पर्यंत आठाने, म्हणजे प्रत्येक पायरी कानाला साधारण सारखीच वाटावी.

यंत्रात नंतर आलेल्या घंटीकडे इतिहासकार फारसे लक्ष देत नाहीत, पण मराठी वाचकाला तिचे महत्त्व चटकन पटेल. नुसती टिकटिक सर्व ठोके सारखेच करते. दोन, तीन, चार किंवा सहा ठोक्यांनी वाजणारी घंटी त्यांत पहिला ठोका वेगळा काढते, म्हणजे आपल्या भाषेत सम दाखवते. खाली दाखवणे मात्र तिला जमत नाही. हिंदुस्तानी संगीताच्या वर्गांत विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलेले तबला मशीन बोलांसह अख्खा ठेका देते, म्हणून ते साथीदाराच्या जवळ जाते, तर मेट्रोनोम मापकच राहते. महाराष्ट्र आणि गोव्यात हे यंत्र आले ते पाश्चात्त्य संगीताबरोबर. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून थेट गाण्याची विद्या, हाताने ताल देतच शिकवली जाई. मुंबईत धोबी तलावाकडची १८६५ पासूनची फुर्तादो पेढी आणि लंडनच्या संगीतसंस्थांच्या परीक्षा यांच्यामुळे पियानोचे आणि त्याच्या सरंजामाचे वळण पडले.

जर्मनीतल्या इस्नी गावात १८९५ साली स्थापन झालेल्या विट्नेरसारख्या कारखान्यांनी चावीचे यंत्र जवळजवळ होते तसेच टिकवले. विसाव्या शतकात विजेची आणि मग स्फटिकावर चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, आणि आता मोबाइलवर ते फुकट मिळते. अचूकपणात ही नवी साधने निःसंशय सरस आहेत. त्यांना सपाट जागा लागत नाही, चावी संपत नाही, आणि आकडा एकेकाने वाढवता येतो. चावीचे यंत्र थोडे जरी कलते ठेवले तरी त्याची चाल लंगडी होते, एक टक् जवळ आणि दुसरा लांब असा. म्हणून ते घेताना दुकानातल्या सपाट टेबलावर ठेवून, डोळे मिटून ऐकावे. असे असूनही लहान मुलासाठी कौल चावीच्याच यंत्राला द्यावा लागतो, आणि त्याचे कारण शार्ङ्गदेवाच्या व्याख्येत आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्राने झोका काढून टाकला आणि ठोका तेवढा ठेवला. तो ठोका मुलाच्या कानावर अवचित आदळतो आणि मूल त्याच्या मागे धावते. झुलणारी काडी मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मधली विश्रांती डोळ्यांना दाखवते, पुढचा ठोका केव्हा येणार हे आधीच सांगते, आणि मुलाला त्या जागेत श्वास घेता येतो. मोबाइल सरावाच्या वेळी मुलाच्या हाती दिला की पुढे काय होते, हे सांगायला संगीताचा इतिहास लागत नाही.

यंत्राला पैसे घालायचे नसतील, किंवा मूल पियानो सहा महिने तरी धरून ठेवते का हे आधी पाहायचे असेल, तर लुल्येची युक्ती अजून खोटी ठरलेली नाही: एखादे नटबोल्ट दोऱ्याला बांधून, टांगल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर अंतर ठेवले, की मिनिटाला १२० झोके मिळतात, आणि ९९ सेंटीमीटर ठेवले की ६०.