रॉक मशीन ते इंडस क्रीड : माणसं बदलली, नावही बदललं, तरी मुंबईचा हा बँड संपला का नाही?

बँड म्हटलं की आपल्याकडे आधी वरातीतला बँड आठवतो. देऊळगाव राजात असो की दादरमध्ये, एकसारखा पोशाख घातलेली दहा-पंधरा माणसं, पुढे ट्रम्पेट आणि मागे ढोल. यंदा त्यात कोण नवीन आलं आणि कोण सोडून गेलं, याची चौकशी कुणी करत नाही. पाटीवरचं नाव तेच असलं की झालं.

रॉक बँडचा मामला वेगळा असतो. तिथे चार-पाच जणच असतात आणि प्रत्येकाची वाजवण्याची धाटणी चाहत्यांना पाठ असते. त्यातला एक जरी गेला, तरी 'आता तो बँड राहिला नाही' अशी चर्चा सुरू होते. बँडमध्ये कोण काय वाजवतं, या रचनेला 'लाइनअप' म्हणतात. लाइनअप बदलूनही बँड तोच राहतो का, हा प्रश्न जगभरातल्या बँडना पडलेला आहे. मुंबईच्या एका बँडने तर लाइनअपसोबत नावही बदललं. तो बँड म्हणजे रॉक मशीन, म्हणजेच नंतरचा इंडस क्रीड.

सुरुवात कशी झाली?

१९८४ साली मुंबईत रॉक मशीनची सुरुवात झाली. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन आणि गायक इयन सांतामारिया हे सुरुवातीच्या काळातले चेहरे. जयेश गांधी दुसरी गिटार वाजवायचे. काही काळाने उदय बेनेगल बँडमध्ये आले आणि पुढे तेच मुख्य गायक झाले. झुबिन बालापोरिया यांनी कीबोर्ड सांभाळला.

त्या वेळी मुंबईतले बहुतेक रॉक बँड 'कव्हर' वाजवायचे. कव्हर म्हणजे दुसऱ्या बँडची गाजलेली गाणी आपण वाजवणं. याला कारणही होतं. परदेशी कॅसेट सहज मिळत नव्हत्या, परदेशी बँड भारतात क्वचितच यायचे. त्यामुळे लोकांना ओळखीची इंग्रजी गाणी समोर बसून ऐकायची असत. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये कुणी स्वतःचं गाणं सुरू केलं की श्रोते फर्माइश करायचे ती एखाद्या ब्रिटिश किंवा अमेरिकन बँडची.

रॉक मशीननेही कव्हरपासूनच सुरुवात केली. पण पुढे त्यांनी स्वतः लिहिलेली गाणी वाजवायचा निर्णय घेतला. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळात मात्र ती मोठी जोखीम होती, कारण गाणी इंग्रजीत, बँड भारतीय आणि बाजारपेठ जवळपास पूर्णपणे हिंदी सिनेमाच्या ताब्यात.

नाव कसं झालं?

१९८८ साली 'रॉक एन रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला अल्बम आला. त्यानंतर १९९० साली 'द सेकंड कमिंग' आला. सगळी गाणी स्वतःची असलेले भारतीय रॉक बँडचे अल्बम तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते.

याच सुमारास मुंबईत रॉकला हक्काची जागाही मिळाली होती. धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर रॉकचे कार्यक्रम होत. १९८६ साली सुरू झालेला, १५ ऑगस्टच्या आसपास भरणारा 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव तर तरुणांसाठी जत्राच होती. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले, पण एका पिढीचा कान तिथेच तयार झाला.

मग १९९१ साली उपग्रह वाहिन्या आल्या. स्टार टीव्हीसोबत एमटीव्ही एशिया घराघरात पोहोचलं. तोवर रॉक बँड ऐकायचा तर कार्यक्रमाला जावं लागायचं किंवा कॅसेट शोधावी लागायची. आता लहान शहरातल्या मुलालाही केबलवर बँड दिसू लागला. रॉक मशीनच्या 'प्रीटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांमध्ये आशिया विभागातली प्रेक्षकांची पसंती मिळाली.

चालतं नाव का बदललं?

१९९३ साली बँडने 'रॉक मशीन' हे नाव सोडून 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. इंडस म्हणजे सिंधू नदी आणि क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा पंथ.

व्यवसायाच्या दृष्टीने पाहिलं तर हा धोकाच होता. नऊ वर्षं कमावलेलं नाव टाकून देणं म्हणजे चालत्या दुकानाची पाटी उतरवण्यासारखं. पण दोन्ही नावं शेजारी ठेवली की बदल लगेच कळतो. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. 'इंडस क्रीड' ऐकलं की हा बँड कुठला, याचा अंदाज येतो. पुढच्या गाण्यांमध्ये भारतीय वाद्यांचे आणि सुरांचे रंगही मिसळले. १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. 'ट्रॅप्ड' हे त्यातलं गाजलेलं गाणं. या काळात ड्रमच्या जागेवरही बदल झाला होता. आधी मार्क मेनेझिस वाजवायचे, नंतर बॉबी दुग्गल आले.

मग १९९७ ला बँड थांबला कसा?

नव्वदच्या दशकाच्या मध्यात टीव्हीचं गणित पालटलं. ज्या वाहिन्यांनी इंग्रजी गाणी दाखवून सुरुवात केली, त्यांच्या लक्षात आलं की मोठा प्रेक्षक हिंदीचा आहे. १९९४ साली चॅनल व्ही सुरू झालं, १९९६ साली एमटीव्ही इंडिया आलं आणि हिंदी पॉपची लाट उसळली. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ सालचं, म्हणजे इंडस क्रीडच्या अल्बमच्याच वर्षीचं. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडसाठी पडद्यावरची जागा आक्रसत गेली.

१९९७ साली इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आल्म्स फॉर शांती' हा बँड उभा केला. पुढे उदय आणि महेश तिनईकर हे दोघे 'व्हर्लिंग कलापाज' या अकूस्टिक बँडमध्ये एकत्र आले. म्हणजे इंडस क्रीड हे नाव बंद होतं, पण त्यातल्या माणसांचं एकत्र वाजवणं सुरूच राहिलं.

पुन्हा सुरुवात, नव्या माणसांसह

२०१० साली इंडस क्रीड परत आला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तीन जुने सदस्य होते. बासवर रुषद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे, तरुण वादक आले. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमच्या 'टेन' या गाजलेल्या अल्बमचं मिक्सिंग करणारे हेच ते ब्रिटिश निर्माते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बास आणि ड्रम हा कुठल्याही रॉक बँडचा पाया, भजनातल्या पखवाज आणि टाळासारखा. पाया बदलला की जुनंच गाणं वेगळ्या अंगाने चालू लागतं. तरी सामान्य श्रोत्याला तो बदल पटकन जाणवत नाही, कारण त्याचा कान गायकाच्या आवाजावर असतो. गायक आणि मुख्य गिटारवादक तेच असल्यामुळे इंडस क्रीड लोकांना ओळखीचा वाटला.

ब्रिटिश बँडचं काय झालं?

ज्या ब्रिटिश रॉककडे बघून आपले बँड घडले, तिथे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं सापडतात.

- रेडिओहेड : ऑक्सफर्डशायरमधल्या शाळेतले पाच मित्र १९८५ साली एकत्र आले. आजही बँडमध्ये तेच पाच जण आहेत.
- द क्युअर : इथे माणसं येत-जात राहिली. सुरुवातीपासून आजवर कायम आहेत ते एकटे रॉबर्ट स्मिथ.
- स्वेड : पहिला अल्बम १९९३ साली गाजला आणि १९९४ साली गिटारवादक बर्नार्ड बटलर बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेला रिचर्ड ओक्स तेव्हा फक्त १७ वर्षांचा होता. बँड पुढे चालला.
- पिंक फ्लॉइड : १९८५ साली रॉजर वॉटर्स बाहेर पडले आणि बँडचं नाव कुणी वापरायचं यावरून कायदेशीर वाद पेटला. १९८७ साली तडजोड झाली आणि नाव उरलेल्या सदस्यांकडे राहिलं.

शेवटचं उदाहरण आज बँड सुरू करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. नाव कुणाचं, गाणं कुणी लिहिलं आणि कुणी सोडून गेलं तर पैशांची वाटणी कशी होणार, हे दोस्तीच्या दिवसांतच कागदावर लिहून ठेवलेलं बरं. भारतात २०१२ सालच्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क भक्कम केला. पण गाणं लिहिणाऱ्यांमध्ये आपलं नाव नोंदवलेलंच नसेल, तर गीतकार-संगीतकार म्हणून तो हक्क मागणार कसा?

या गोष्टीतून उरतं काय?

इंडस क्रीडला सिनेमाइतका पैसा किंवा प्रेक्षक कधीच मिळाला नाही. पण भारतीय बँड स्वतःची गाणी घेऊन मंचावर उभा राहू शकतो, हे त्यांनी मुंबईत दाखवून दिलं. नंतरच्या बँडना हाच प्रश्न भाषेच्या बाजूने सोडवता आला. 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड आज संतांचे अभंग गिटार आणि ड्रमवर गातो आणि तरुण श्रोते सोबत गातात. तिथे इंग्रजी रॉक ऐकणारा आणि वारीत चालणारा एकाच गर्दीत सापडतो.

लाइनअपच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावातल्या भजनी मंडळाकडेही आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा पखवाजवाला आज नसतो, पेटीवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. तरी मंडळ तेच राहतं, कारण जुन्यांनी नव्यांना चाली शिकवलेल्या असतात. इंडस क्रीडमध्येही तेच झालं. तीन जुने सदस्य टिकले, दोन नवे आले आणि गाणी पुढे सरकली.