करवत आणि पाचर

आंदर मावळातील आंद्रा नदी ठोकरवाडी येथे अडविली गेली आणि १९२२ साली तिच्या पाण्यावर घाटाखाली भिवपुरीचे वीजगृह मुंबईकरिता वीज निर्माण करू लागले. त्या काळी आपले सुतार ज्ञातिबांधव ओंडके हातकरवतीनेच चिरीत. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. चीर मिटून पाते अडकू नये म्हणून ते तीत पाचर ठोकीत.

पुढे वीज सुताराच्या हाती आली आणि ओंडक्याच्या जागी आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवूडचा तक्ता आला. साधन बदलले, चिरेचा नियम मात्र बदलला नाही. केवळ दोन टोकांवर टेकलेला तक्ता कापताना मध्ये वाकतो, चीर मिटते, फिरते पाते आवळले जाते आणि यंत्र कारागिराच्या अंगावर उसळते. याकरिता कापाच्या रेषेच्या दोन्ही अंगांस दोन-दोन वासे घालावेत, म्हणजे कापल्यावरही दोन्ही भाग जागच्या जागी राहतात. पाते तक्त्याखाली दोन सुतांहून अधिक उतरवू नये. हातयंत्राचे दात खालून वर येतात. म्हणून तक्त्याची दर्शनी बाजू खाली ठेवावी, तिचा पापुद्रा उखडत नाही. सरळ पट्टी आवळून तिच्या आधाराने यंत्र चालविल्यास काम एका फेरीत होते व माल वाया जात नाही.

घाईपोटी पात्याचे झाकण बांधून ठेवणारे तरुण आम्ही पाहतो, तेव्हा मन धास्तावते. सुताराची बोटे हेच त्याचे वतन. वाडवडिलांची पाचर त्यांनी विसरू नये, एवढीच आमची विनंती.