सोलापूरची खिडकी, सिकंदराबादचा बर्थ

आज रेल्वेच्या इतिहासातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कामाबद्दल बोलू.

सोलापूर मुंबई–सिकंदराबाद मार्गावरचं शहर. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर कुटुंबांची मुळं तेलंगणातली, त्यामुळे लग्नकार्याला तिकडे जाणं-येणं नेहमीचंच. जायचं आरक्षण एकवेळ मिळे. पण परतीचं? त्यासाठी तार करायची आणि उत्तराची वाट बघायची, कारण बर्थांचं रजिस्टर दुसऱ्या गावी!

1985-86 मध्ये नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद. पण ही पाच केंद्रं म्हणजे पाच बेटंच. 1986 मध्ये स्थापन झालेल्या 'क्रिस' या रेल्वेच्या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली तयार केली. ती 1994 मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि 1999 मध्ये पाचही केंद्रं जोडली गेली.

आता बघा, जोडणं म्हणजे नुसती तार ओढणं नव्हे. समजा, पैशांची नोंद मुंबईच्या यंत्रावर आणि बर्थची सिकंदराबादच्या. नेमकी मधेच लाइन गेली. पैसे घेतले, बर्थ नाही. किंवा बर्थ अडकला, तिकीट नाही. क्लार्कने पुन्हा बटण दाबलं तर दोन बर्थ!

यावरची युक्ती आपल्या सोयरिकीसारखी आहे. आधी दोन्ही पक्षांना विचारायचं, 'तयार आहात?' दोघांनीही होकार लेखी नोंदवला, की मगच सुपारी फोडायची. एकाने जरी नकार दिला, तरी व्यवहार झालाच नाही असं धरायचं. जिम ग्रे यांनी 1978 मध्ये ही दोन टप्प्यांची रीत मांडून दाखवली होती.

कॉन्सर्टमध्ये हे काम डिजिटल कंपनीच्या 'रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर' या सॉफ्टवेअरकडे होतं. त्याची रचना तीन थरांची: पुढे खिडकीची बाजू, मागे हिशेब ठेवणारे सर्व्हर, आणि मधे मागणी योग्य सर्व्हरकडे पोचवणारा राउटर. सर्व्हर एकटा नसतो, क्लस्टरमध्ये असतो. एक बंद पडला तर राखीव सर्व्हर पुढे येतो, रोजनाम्यातल्या नोंदी वाचतो आणि अर्धवट व्यवहार तडीस नेतो. खिडकीवरच्या माणसाला फक्त थोडा उशीर जाणवतो.

यामागे माणसंही असतात बरं का. कोणता सर्व्हर चालू आहे, कुठला व्यवहार अडकलाय, दुरुस्तीसाठी कोणतं यंत्र बाजूला काढलं तर खिडकी बंद पडणार नाही, हे त्यांना सतत बघावं लागतं. सगळं सुरळीत चाललं, की त्यांची आठवणही कुणाला येत नाही.

यामुळे बर्थ वाढले का? नाही. वेटिंग लिस्ट आजही आहेच. पण सोलापुरात पैसे मोजणाऱ्याला परगावच्या गाडीतली जागा तिथल्या तिथे मिळू लागली. हातात पडलेल्या त्या कागदावर त्याने निर्धास्त विश्वास ठेवावा, यासाठी हा सगळा खटाटोप होता.